तांदळाच्या खोलीची किल्ली

त्या मंगळवारी पाढे म्हणता म्हणता
सात सक्कं बेचाळीसवर माझा आवाज गेला.
घसा बसला नव्हता,
आवाजच उठून गेला, घंटा न होता.
पोरं पुढं गेली, एकोणपन्नास, छप्पन्न,
मी खडू धरून उभी.
फळ्यावर पट सत्तेचाळीस, हजर एकोणचाळीस,
आणि ते अक्षर कुणाचं, मला ओळखू येईना.

खोलीत शिरले. तांदळाची पोती, तूरडाळ,
दुधाच्या पावडरची पाकिटं, अंड्यांचे रिकामे ट्रे.
पोत्यावर बसले आणि रडले नाही.
रडू आलं असतं तर सोपं होतं.
लोंढ्याच्या फलाटावर गाडी चुकलेलं माणूस
बॅग मांडीवर घेऊन बसतं, तशी बसले.

तसं झालं काहीच नव्हतं.
रात्री बारापर्यंत पोरांची माहिती भरली,
रेंज फणसाखाली, म्हणून फणसाखाली.
कन्नडमधलं परिपत्रक मी अजून बोट ठेवून वाचते,
पहिलीतल्या पोरासारखं, ओठ हलवत.
मतदारयादी होती. दोन वर्गांची एक खोली होती.
कुलकर्णीबाईंची जागा तीन वर्षं रिकामी,
त्यांचा डबा ठेवायचा कोनाडासुद्धा अजून रिकामा.
गेल्याच महिन्यात बेळगावला शिबिर झालं,
ताण कसा घालवावा.
डोळे मिटा म्हणाले, मिटले.
मग म्हणाले, डोळे मिटलेले पाच फोटो
संध्याकाळपर्यंत पाठवा.

नागव्वा अंडी सोलत होती.
तिनं मला बघितलं, पाणी विचारलं नाही,
दार बाहेरून ओढून घेतलं
आणि दारात पाट टाकून बसली.
"बाई हिशोब करूलाल्यात," कुणालातरी म्हणाली,
"हाक मारू नका."

आणि मग भिंतीपलीकडून माझ्याच वर्गात
हडपद टीचरचा आवाज.
आमचं फारसं बोलणं नव्हतं.
एक नोव्हेंबरला तर आम्ही दोघी
एकमेकींच्या चपलांकडं बघून जातो.
ती म्हणत होती, एळोंदले एळु,
पोरं म्हणत होती, एळोंदले एळु,
एळेरडले हदिनाल्कु.
माझा साताचा पाढा
दुसऱ्या वाटेनं बेचाळीसकडं चालला होता
आणि मला तो ओढावा लागत नव्हता.

बाहेर आले तर म्हणाली, "स्वल्प कूड्री टीचर,
इन्नू टाइम ऐती."
बसा थोडं, अजून वेळ आहे.
अकरा वर्षांत या शाळेत
हे वाक्य मला कुणी म्हटलं नव्हतं,
कुठल्याच भाषेत.

तेव्हापासून किल्ली
पाखरे सरांच्या ड्रॉवरमधून खिळ्यावर आली.
नियम लिहिलेला नाही. लिहिला तर त्याचाही अहवाल मागतील.
खिळ्यावर किल्ली नसली की समजायचं,
वर्ग उरलेल्यांनी वाटून घ्यायचा,
पंधरा मिनिटं, जास्तीत जास्त वीस,
आणि नंतर कुणी तोंडाकडं निरखून बघायचं नाही.
सर हसले होते. "कोठीत काय मिळतंय ओ?"
आषाढात एका दुपारी, तपासणी होऊन गेल्यावर,
खिळा रिकामा आणि सर कुठंच नाहीत.
मी सहावी घेतली, हडपदनं सातवी.
सर आले, पँटच्या मागं पांढरी भुकटी.
भात चांगला शिजलाय, एवढंच बोलले,
तेव्हा अजून चूलही पेटली नव्हती.

मला माहीत आहे,
किल्लीनं रिकामी जागा भरत नाही.
नंदगडची नवी अतिथी शिक्षिका
पाच महिने पगाराविना येते,
गाडीत पेट्रोल उसनं.
परवा ती फळ्याकडं तोंड करून
जरा जास्तच वेळ उभी राहिली.
मी उपदेशाला तोंड उघडलं,
मिटलं, आणि खिळ्याकडं हात नेला.
किल्ली नव्हती.
नागव्वाच्या पाटावर, आज पहिल्यांदाच,
रोशनी घाडी बसलेली, चौथीतली,
हातात अर्धं सोललेलं अंडं,
दार राखत.
"बाई, हळू," ती म्हणाली,
"नागव्वा आत हाय."